पहिली सीट दादाची

आमच्या रोलर कोस्टरच्या पहिल्या सीटवर रोज सकाळी एक पोतं बसायचं, आणि त्या पोत्याला सुखदेवजी 'दादा' म्हणायचे.

पोती एकूण आठ. गाडीला सीटा आठ, म्हणून पोती आठ. आत धानाचा कोंडा आणि वाळू, प्रत्येकाचं वजन एका धडधाकट माणसाएवढं. पार्कचं गेट उघडायच्या आधी ही आठ पोती बसवून एक फेरी मारल्याशिवाय सुखदेवजी माणसाला गाडीला हात लावू देत नसत. "रिकाम्या गाडीले काय समजते जी? वजन पडल्याबिगर कोनाचंच खरं समजत नाई," असं त्यांचं म्हणणं. मागची सात पोती ते मुकाट्याने ठेवायचे, पट्टे आवळायचे. आठव्याशी मात्र रोजचं भांडण.

"सरक न दादा! आंग चोरून कायले बसून राहिला? पट्टा लागत नाई. खाऊन खाऊन पोट सुटलं तुह्यं!"

मग गाडी सुटायची, खडखडाट करत जायची आणि परत यायची. ती थांबली की सुखदेवजी पहिल्या सीटपुढे वाकायचे आणि अदबीने विचारायचे, "बोल दादा, कसा वाटला?"

पोतं काय बोलणार? मग सुखदेवजीच आवाज जाड करून, जरा नाकातून उत्तर द्यायचे, "गचका हाय, सुख्या. गचका हाय."

"पुन्हा हाय म्हनते!" असं आम्हाला सांगून, कपाळावर हात मारून, पाना कमरेला खोचून हा पंचावन्न वर्षांचा माणूस शिडी चढायला लागायचा. आम्ही सगळे पोट धरून हसायचो. मी सगळ्यात जास्त. मी तिथला मॅनेजर होतो, मला हसायला कोण अडवणार?

मॅनेजर म्हणजे पार्क माझ्या मामांचं होतं. मामांची राइस मिल. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मामांना ते भावाभावांतल्या वाटणीसारखं लागलं. "अर्धा जिल्हा गेला बे, अर्धं जंगल गेलं. आता आपल्याकडे पाहाले काय उरलं? धानच धान!" हे ते दोन वर्षं येईल त्याला ऐकवत होते. शेवटी साकोलीजवळ हायवेला लागून असलेल्या आपल्या पडीक जमिनीत त्यांनी पार्क काढलं. हिशेब सरळ होता. नागझिऱ्याला वाघ पाहायला जाणाऱ्यांना वाघ काही रोज दिसत नाही. परत येताना ते चिडलेले असतात. त्यांना वाघाशिवाय घाबरवायची सोय पाहिजे.

ती सोय मामांनी कुठल्याशा बंद पडलेल्या पार्कातून उचलून आणली. चार ट्रक भरून लोखंड आलं, पण ते कसं जोडायचं याचा कागद काही आला नाही. तीन फिटर येऊन, डोकं खाजवून निघून गेले. मिलमधला फिटर म्हणून सुखदेवजींना बोलावलं. त्यांनी चारही ट्रकांभोवती एक चक्कर मारली, एक वाकडा रूळ हाताने चाचपला आणि म्हणाले, "हा तं माग होय."

सुखदेवजी मूळचे पवनीचे, विणकराच्या घरचे. माग म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागत नव्हतं, आम्हालाच त्यांनी समजावून दिलं. आमची गाडी इतर रोलर कोस्टरसारखी गोल फिरून येत नव्हती. साखळीने उंच मनोऱ्यावर ओढायची, सोडायची. ती दोन उंचवटे ओलांडून, एक वळण घेऊन पलीकडच्या मनोऱ्यावर चढायची, आणि तिथे रूळच संपायचा. पुढे आभाळ. तिथे गाडी क्षणभर थांबायची आणि आल्या वाटेने उलटी, पाठमोरी परत यायची. "धोटा कसा चालते? इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याच वाटेनं. तसाच हा," सुखदेवजी म्हणाले, आणि चार महिन्यांत त्यांनी ते धूड उभं केलं. दोन उंचवट्यांपैकी दुसरा जरा तिरपा झाला होता. त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "कपडा धुतल्यावर बसते." लोखंड काही धुतल्यावर बसलं नाही.

पाटीवर मामांनी 'गगनझेप' असं नाव लिहून घेतलं. लोकांनी पहिल्याच आठवड्यात ते बदलून 'हाडमोडी' केलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही. खोटं कशाला बोलू, इतकी खडबडीत गाडी मी दुसरी पाहिली नाही. तिच्यात बसून आलेला माणूस पाच मिनिटं मान एका बाजूला धरून चालायचा. आणि एका जागी, जाताना एकदा आणि येताना एकदा, असा एक गचका बसायचा की बोलणाऱ्याची जीभ दाताखाली यायची. तो नेमका कुठे बसतो ते कोणालाच सांगता येत नव्हतं, कारण त्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटलेले असायचे.

लाखनीकडचे एक रिटायर्ड मास्तर नातवाच्या हट्टापायी बसले. जाताना गचका बसला आणि मास्तरांची कवळी उडाली. मास्तर पलीकडच्या मनोऱ्यावर तोंडावर हात धरून बसलेले, खाली आम्ही घाबरलेलो. गाडी उलटी परत आली तेव्हा कवळी मागच्या सीटवरच्या बाईंच्या मांडीवर होती आणि बाई किंचाळत होत्या. सुखदेवजींनी शांतपणे कवळी उचलली, दुपट्ट्याने पुसली, मास्तरांच्या हातात दिली. "वापस येते न जी! जाते कुठी?"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घाबरलेल्या प्रत्येक माणसाला पट्टा बांधताना ते हेच सांगायचे. बायकांना, कॉलेजच्या पोरांना, एकदा तर एका तहसीलदारांना. "कायले भेता? वापस येते न. जाते कुठी?"

मला मात्र हे सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, कारण मी बसलोच नाही. हाडमोडीकडे नुसतं पाहिलं तरी माझी पाचावर धारण बसायची. दर दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की सुखदेवजी विचारायचे, "मॅनेजरबाबू, आज?" कधी माझा उपास असायचा, कधी कंबर धरलेली असायची, एकदा तर मी दाढ दुखते म्हणून सांगितलं. "दाढ काढून देते ना हे, फुकटात," सुखदेवजी म्हणाले. पण जबरदस्ती कधी केली नाही.

त्यांची काम करायची तऱ्हाही विणकरीच होती. रोज संध्याकाळी गाडी बंद झाली की ते सुताची गुंडी घेऊन निघायचे आणि प्रत्येक खांबावर जिथे दोन रूळ जुळतात तिथे कच्च्या सुताचा एकेक धागा ताणून बांधायचे. सकाळी पोत्यांची फेरी झाली की पाहायचे. धागा शाबूत म्हणजे जोड पक्का. धागा तुटला म्हणजे जोड हलला, तिथले बोल्ट आवळायचे. साधी गोष्ट, पण मला आजही त्यात तोड दिसत नाही.

घोटाळा झाला तो वटसावित्रीला.

हाडमोडीचा अकरावा खांब गेटच्या अगदी जवळ, कडुलिंबाच्या सावलीत होता, आणि इतका ठेंगणा की हात उंच केला की जोडाला लागायचा. खांबाला रोज कोणीतरी धागा बांधतं, आणि बांधणारा माणूस बांधताना डोळे मिटून काहीतरी पुटपुटतो (सुखदेवजी बोल्ट मोजत असायचे), हे जवळच्या वस्तीतल्या बायकांनी पाहिलं होतं. त्यात हायवे रुंद करताना तिथला वड पाडलेला. झालं! वटसावित्रीच्या दिवशी मी गेटवर येतो तर वीस-पंचवीस बायका नऊवारी-पाचवारी नेसून अकराव्या खांबाभोवती फेऱ्या घालताहेत. एका आजींनी खांबावर नारळ फोडला. मी म्हटलं, "आजी, लोखंड आहे ते!" आजी म्हणाल्या, "मंग काय झालं? इतल्या लोकायले वर नेते आन् जिवंत आनते. देवच हाय तो."



तेव्हापासून अकराव्याला सुटका नाही. परीक्षेच्या दिवसांत पोरं धागे बांधायची, लग्न जुळत नाही म्हणून कोणाची आई बांधायची, एकाने हरवलेली म्हैस सापडावी म्हणून बांधला आणि म्हैस सापडली, मग तर विचारूच नका. मी धागे कापायचो, दुसऱ्या दिवशी तितकेच नवे. सुखदेवजींना मात्र या खांबाचा मोठा अभिमान. "बाकी सगळ्यायचे धागे कवा ना कवा तुटते. अकरावा कवाच नाई. असा जोड मी जन्मात नाई बांधला!" अहो, कसा तुटेल? त्यांच्या एका धाग्यावर चाळीस नवसांचे धागे आवळलेले. हे आज मला इतकं स्वच्छ दिसतं. तेव्हा ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या. ते गचका शोधत सगळ्या खांबांवर चढले. अकराव्याला तेवढं त्यांनी कधी खोललं नाही.

आता दादाबद्दल सांगायला पाहिजे.

दादा खरोखरच होते. सुखदेवजींचे थोरले भाऊ, पवनीला राहायचे. हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. एका दुपारी पाऊस होता, पार्कात चिटपाखरू नव्हतं, आणि सुखदेवजी आपणहून बोलायला लागले. दोघं भाऊ मिळून एकाच मागावर कोशाच्या, म्हणजे जंगली रेशमाच्या, करवतीसारखा दातेरी काठ असलेल्या करवतकाठी साड्या विणायचे. त्या साडीचा काठ वेगळ्या धोट्याने विणावा लागतो, दोन काठांचे दोन धोटे आणि मधल्या अंगाचा तिसरा. एका काठाला दादा, दुसऱ्या काठाला सुखदेवजी. लहानपणापासून तीस वर्षं. दादांचा कान असा की सुखदेवजींच्या बाजूला एक तार सैल पडली तर पाहायच्या आधी आवाजावरून ओळखायचे. "गचका हाय, सुख्या." कापडात चूक राहिली की ओरडायचे नाहीत. चुकीच्या जागी लाल धागा बांधून ठेवायचे. सुखदेवजींनी सकाळी पाहावं, उसवावं, नीट करावं.

"कवा शाबास नाई म्हटलं दादानं मले. पन लाल धागा दिसला नाई तं समजाचं, आज दादा खूश हाय."

मग मागणी कमी झाली, दोन घरं एका मागावर चालेनात, आणि सुखदेवजी मिलमध्ये लागले. त्यांच्या मते ते चार महिन्यांसाठी चालले होते. दादांच्या मते ते काठ सोडून चालले होते. "एका हातानं करवतकाठी होत नाई जी. मी आलो तवापासून दादा साधे पंचे विनते. बोलत नाई माह्याशी. लोकायले म्हनते, माह्या भाऊ लोखंडावर पोरं नाचवते."

"तुम्ही जा ना एकदा," मी म्हटलं.

"गेलो न. दोन डाव गेलो. पाट देते, जेवाले वाढाले लावते, बोलत नाई. जेवून वापस येतो." मग हसून म्हणाले, "एक डाव त्यानं इथं बसाले पाह्यजे. त्याले समजन का हाबी मागच होय. मंग म्हनन, गचका हाय सुख्या. तेवढं म्हटलं तरी झालं."

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि प्रत्येक घर पाहुण्यांनी भरलेलं. आमच्या मंडईच्या दिवशी पार्कात पाय ठेवायला जागा नसे. दरवर्षी त्या दिवसासाठी सुखदेवजी माझ्याकडून एक पास मागून घ्यायचे, त्यावर मोठाल्या अक्षरांत 'दादा, पहिली सीट' असं लिहायचे आणि पवनीच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे. त्या दिवशी धुतलेलं धोतर, कोरी टोपी. दिवसभर लिव्हरवर हात आणि डोळे गेटकडे. संध्याकाळी म्हणायचे, "गाडी भेटली नसन."

पाचव्या वर्षीची मंडई. त्या सकाळी मामांनी मला सगळ्यांदेखत झापलं होतं. कोण्या बड्या पाहुण्याने त्यांना म्हटलं होतं की तुमचं पार्क आहे की म्हसोबाचं ठाणं? मी रागाने नवी पाटी रंगवून अकराव्याला टांगली. 'हे यंत्र आहे, देव नाही. धागे बांधू नयेत.' तासाभरात कोणीतरी पाटीलाच हळदकुंकू लावलं. माझं डोकं आधीच फिरलेलं, त्यात गर्दी, त्यात लाउडस्पीकर.

दुपारी पाहतो तर अकराव्या खांबाला एक म्हातारा चिकटून उभा. धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा. डोळे मिटलेले, कान लोखंडाला लावलेला. वरून हाडमोडी गेली, परत आली. म्हाताऱ्याने मान हलवली, बंडीच्या खिशातून लाल धागा काढला, हात उंच करून जोडाच्या खाली बांधला.

मी धावत गेलो. "बाबाजी, वाचता येत नाही काय? एवढी पाटी लावली ते काय शोभेला? नवस करायचा तर देवळात जा!" आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तो धागा हिसडून तोडला.

ते माझ्या हातातल्या धाग्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ह्या जोडावर वाजून राहिलं. चालवते त्याले सांगजा."

"हो हो, सांगतो. चला, बाजूला व्हा. गर्दी करू नका." त्या दिवशी सल्ला देणारा तो माझा दहावा माणूस होता. मी त्यांच्या दंडाला धरलं आणि गेटच्या दिशेने दोन पावलं चालवलं. धक्का दिला नाही, पण दिल्यासारखंच. ते निघाले. गेटबाहेर जाऊन एकदा वर लिव्हरच्या केबिनकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून गेले.

संध्याकाळी गेटवर जमा झालेले पास माझ्या टेबलावर आले. मी चाळत होतो. त्यात एकावर मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'दादा, पहिली सीट'.

 उठून सांगायला जायचं होतं. सांगायचा माणूस पन्नास पावलांवर होता. सुखदेवजी सुताची गुंडी घेऊन खांबाखांबाला धागे बांधत येत होते. मी पास टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावला.

दुसऱ्या सकाळी पोत्याला पट्टा बांधता बांधता ते म्हणाले, "औंदाही नाई आला, मॅनेजरबाबू. पास फुकट गेला तुमचा."

तो क्षण होता. तोंडही उघडलं होतं मी. पण बाहेर आलं ते असं, "पुढच्या वर्षी येतील."

मूग गिळून बसणं म्हणतात ना, ते काय असतं ते मी त्या दिवसापासून शिकलो. उद्या सांगू, होळीला सांगू, पोळ्याला सांगू. जितका उशीर झाला तितकं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता धागा तोडल्याचंही सांगावं लागणार आणि इतके दिवस दडवल्याचंही. सुखदेवजींनी आणखी दोन वर्षं पास पाठवला. तिसऱ्या वर्षी मी स्वतःच पास घेऊन गेलो तर म्हणाले, "राहू द्या. मोठा मानूस हाय तो, त्याच्या मनात नसन तं कायले बोलवाचं?" पोत्याशी मात्र रोज भांडत राहिले. "बोल दादा, कसा वाटला?" "गचका हाय, सुख्या." सगळे हसायचे. मला हसू येईनासं झालं होतं, पण मीही हसायचो. न हसून दाखवायची हिंमत पाहिजे ना.

पवनीहून निरोप आला तो उन्हाळ्यात. दादा गेले.

सुखदेवजी गेले आणि तेरवी करून परत आले. डोकं भादरलेलं, चेहरा बारीक झालेला. सरळ माझ्या खोलीत आले. एरवी ते दारातूनच बोलायचे, त्या दिवशी खुर्ची ओढून बसले.

"वहिनी म्हने, दादा एक डाव इथं आला होता. मंडईच्या दिवशी. घरी गेला आन् दोन दिवस जेवला नाई. काहून ते सांगितलं नाई. म्हने, तेथं आपलं काम नाई, येवढंच बोलला." ते माझ्याकडे पाहत होते. "तुमाले दिसला होता का जी?"

मी खण उघडला. पास काढून त्यांच्यासमोर ठेवला. आणि सगळं सांगितलं. पाटी, लाल धागा, दंडाला धरलेला हात, सगळं.  मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. मला वाटलं, आता हा माणूस मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी पास उचलला आणि आपल्याच अक्षरावरून बोट फिरवलं.

"त्याले वाटलं असन, मीच हाकलाले लावलं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आन् मले वाटे, तो आलाच नाई." मग म्हणाले, "धागा लाल होता?"

"हो."

"कोन्या खांबावर?"

"अकराव्या."

ते उठले. मी मागे मागे गेलो. अकराव्या खांबावर नेहमीप्रमाणे धाग्यांचा गठ्ठा होता. सुखदेवजींनी खिशातला चाकू काढून सगळे धागे कापले, शिडी लावली, जोड खोलला. आतली पट्टी झिजून कागदाएवढी झाली होती. सुताभर फट. नऊ वर्षं ते बाकीच्या खांबांवर चढत होते, आणि गचका काखेत होता. दादांना तो खाली उभं राहून, एका फेरीत ऐकू आला होता.

"इथंच होता न बे तू," ते फटीला म्हणाले, आणि शिडीवरच कपाळ लोखंडाला टेकवून उभे राहिले. मी खाली शिडी धरून उभा होतो. मला वर पाहवेना.

नवी पट्टी घडवून बसवायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी पोती बसली. पहिल्या सीटवरच्या पोत्याला त्यांनी पट्टा लावला, पण भांडले नाहीत. गाडी गेली, आली. अकराव्याजवळ आवाज झाला नाही. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. ते सवयीने पहिल्या सीटपुढे वाकले.

"बोल दादा, कसा वाटला?"

आणि थांबले. रोजचा तो जाडा, नाकातला आवाज काही आला नाही. ते वाकून तसेच उभे. कोणी हसलं नाही. मग त्यांनी पट्टा सोडला, पोतं दोन्ही हातांनी उचललं, उतरवून कडेला भिंतीशी टेकवून ठेवलं आणि दुपट्ट्याने हात पुसू लागले.

मी काय केलं ते माझं मलाच कळलं नाही. मी जाऊन त्या सीटवर बसलो.

"मॅनेजरबाबू, तुमची दाढ?" ते म्हणाले.

"बांधा पट्टा."

त्यांनी पट्टा बांधला. दोनदा ओढून पाहिला. 'वापस येते न' मात्र म्हणाले नाहीत. मी वर गेलो तसे माझे दोन्ही हात दांडीला चिकटले, पण मी एक ठरवलं होतं, डोळे मिटायचे नाहीत. नऊ वर्षांत मी तेवढं एकच धाडस केलं. खांब मोजत गेलो. पलीकडच्या मनोऱ्यावर गाडी थांबली, पुढे नुसतं आभाळ, आणि मग पाठमोरा परत येताना खांब पुन्हा मोजले.  गाडी थांबली.

सुखदेवजी पुढे वाकले होते. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलं नाही.

"बोला. कसा वाटला?"

छान होता, असं म्हणणं सोपं होतं. अशी सोपी वाक्यं मी त्यांना चार वर्षं ऐकवली होती.

"अकराव्यावर काही नाही," मी म्हटलं. "पण सोळाव्यावर आहे. जाताना कमी, येताना जास्त. गचका आहे, सुखदेवजी."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग टोपी मागे सारून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तोंडभर हसले.

"हाय न? मले वाटूनच राहिलं होतं!"

पाना कमरेला खोचून ते निघाले. मीही पट्टा सोडून मागोमाग गेलो आणि सोळाव्या खांबाची शिडी धरून उभा राहिलो.